अडकलेला उजेड : बाळापूरचा किल्ला, पारसची वीज आणि एलईडीचा इतिहास



विषयाचं नाव वाचून आत येता येता दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, अर्धवाहक आणि नॅनोरचना हे सगळं ठीक आहे, पण बाळापुरात कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला आपण आपल्याच तालुक्यातून सुरुवात करू.

आपल्याकडे दोन गोष्टी अशा आहेत, की बाहेरचा माणूस बाळापूर म्हटल्यावर त्यांचंच नाव घेतो. एक म्हणजे मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरचा किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने पुरा केला. दुसरी गोष्ट म्हणजे पारसचं औष्णिक वीज केंद्र. तिथे १९६० च्या दशकात लहान संच सुरू झाले, ते पुढे बंद पडले. आज चालतात ते २५० मेगावॅटचे दोन संच २००८ आणि २०१० मध्ये आले. दोन्ही मिळून ५०० मेगावॅट.

आता एक साधा हिशोब करू. जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा. त्याच्या जागी आपण आज लावतो तो एलईडी ९ वॅटचा, आणि उजेड तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच. म्हणजे एका बल्बमागे ५१ वॅट वाचले. असे एक कोटी बल्ब संध्याकाळी एकाच वेळी लागले, तर वाचलेली वीज होते ५१ कोटी वॅट, म्हणजे ५१० मेगावॅट. पारसचे दोन्ही संच पूर्ण जोरात चालले तरी एवढी वीज होत नाही. आणि देशात २०१५ पासून उजाला योजनेखाली किती एलईडी वाटले गेले? ३६ कोटींहून जास्त.

ज्यांनी २००५ नंतरचं लोडशेडिंग पाहिलंय, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. वीज केंद्र आपल्या तालुक्यात, धुराडं आपल्या शिवारातून दिसतं, आणि पोरं अभ्यास करतात कंदिलाच्या उजेडात, असे ते दिवस होते. तेव्हा आपण सगळे एकच मागणी करत होतो : वीज जास्त बनवा. तीच वीज वापरून उजेड जास्त काढता येईल का, हा प्रश्न आपल्यापैकी फारसा कुणी विचारत नव्हतं. पण जगात काही लोक त्याच प्रश्नावर काम करत होते, आणि त्यातले काही पुण्यात, नागपुरात आणि अमरावतीतही होते. आजचा इतिहास त्यांचा आहे.

उजेड होता, पण आत होता

जुना बल्ब कसा चालतो ते आपल्याला ठाऊक आहे. तार तापते, लाल होते, पिवळी होते, उजेड देते. पण दिलेल्या विजेतला जेमतेम विसावा हिस्सा डोळ्यांना दिसणारा उजेड होतो, बाकीची सगळी उष्णता. तो खरं म्हणजे लहानसा हीटर, जोडीला थोडा उजेड.

अर्धवाहकातून उजेड निघण्याची रीत निराळी. तिथे काही तापवावं लागत नाही. वीज दिली की एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. दोघं भेटले की उरलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. हे पहिल्यांदा दिसलं १९०७ मध्ये. एच. जे. राउंड नावाच्या इंग्रज अभियंत्याने कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात त्या पदार्थाच्या, स्फटिकातून वीज सोडली आणि त्याला पिवळसर उजेड दिसला. रशियात ओलेग लोसेव याने १९२० च्या दशकात त्याचा कसून अभ्यास केला. तो पुढे १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात मरण पावला. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल एलईडी केला. रेडिओवर, घड्याळावर जो लाल ठिपका असायचा, तो हाच.

म्हणजे बघा, १९०७ ते १९६२ मध्ये पंचावन्न वर्षं गेली, आणि हाती काय आलं, तर एक ठिपका. खोली उजळायला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली. का लागली? एवढा वेळ नडलं काय?

इथे आपला किल्ला कामाला येतो. बाळापूरच्या किल्ल्याला एकाच्या आत एक असे तीन दरवाजे आहेत. आतल्या माणसाला बाहेर यायचं, तर तिन्ही ओलांडावे लागतात. एक उघडा ठेवून भागत नाही. एलईडीतल्या उजेडाचंही तसंच आहे. पहिला दरवाजा : इलेक्ट्रॉन आणि होल भेटले, तर त्यातून उष्णता न होता उजेडच झाला पाहिजे. दुसरा : झालेला उजेड स्फटिकाच्या बाहेर पडला पाहिजे. तिसरा : बाहेर पडलेला उजेड आपल्याला हव्या त्या रंगाचा, म्हणजे घरासाठी पांढरा, झाला पाहिजे. या तिन्ही दरवाजांवर ज्या किल्ल्या लागल्या, त्या नॅनोमीटरच्या किंवा त्याच्या थोड्या वरच्या मापाच्या होत्या. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.

पहिला दरवाजा : तीन नॅनोमीटरची विहीर

पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो, आणि निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ. अडचण अशी, की त्याचा स्वच्छ स्फटिक वाढवता येत नव्हता. नीलमाच्या, म्हणजे सफायरच्या, चकतीवर तो वाढवला तर दोघांच्या अणूंची मापं जुळत नाहीत, आणि स्फटिकात दोषांच्या उभ्या रेघा तयार होतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये कोट्यवधी. इलेक्ट्रॉन आणि होल अशा दोषापाशी पोहोचले, की उजेड नाही, नुसती उष्णता.

जपानमध्ये इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये मधे एक पातळ थर टाकून स्फटिक सुधारला. शुजी नाकामुरा यांनी तोकुशिमाच्या निचिया या तेव्हा लहान असलेल्या कंपनीत काम करून १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी जगापुढे ठेवला. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते आपण वर्तमानपत्रात वाचलंय.

यात नॅनोरचना कुठे आली? नाकामुरांनी १९९५ मध्ये इंडियम गॅलियम नायट्राइडचा सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा थर दोन जाड थरांच्या मधे बसवला. वऱ्हाडातल्या कापसाचा एक तंतू घ्या, त्याच्या जाडीचा पाच हजारावा भाग. शास्त्रज्ञ त्याला क्वांटम विहीर म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. इलेक्ट्रॉन आणि होल त्या विहिरीत पडतात आणि जागच्या जागी कोंडले जातात. भटकत भटकत दोषापर्यंत जाण्याआधीच एकमेकांना भेटतात, आणि उजेड होतो. स्फटिक दोषांनी भरलेला असूनही एलईडी चालला, त्यात या विहिरीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अर्णब भट्टाचार्य यांच्या गटाने याच नायट्राइडचे थर वाढवण्याचं काम केलं. म्हणजे ही विद्या महाराष्ट्रात नव्हती असं नाही. पण एका प्रयोगशाळेतलं यंत्र आणि रात्रंदिवस चालणारे कारखाने यांत फार अंतर असतं. त्याकडे शेवटी येऊ.

दुसरा दरवाजा : ज्याला नोबेल मिळालं नाही

आम्हाला स्वतःला या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग हाच वाटतो, कारण याची दखल सर्वांत कमी घेतली गेली.

विहिरीत बुडी मारून ज्यांनी वर पाहिलंय, त्यांना आठवत असेल. पाण्याखालून आकाश एका गोल खिडकीएवढं दिसतं. त्या गोलाच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वाटतो. शाळेत आपण हे पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकलो. पाण्यातून निघालेला किरण फार तिरका असेल, तर तो बाहेर पडत नाही, परत आत फिरतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. गॅलियम नायट्राइडचा जवळपास २.५. त्यामुळे इथली खिडकी फारच लहान. क्रांतिक कोन साधारण २४ अंश. गणित मांडलं, तर सपाट तुकड्याच्या एका पृष्ठभागातून हवेत सुटतो तो केवळ ४ टक्के उजेड. वर राळेचा घुमट बसवला की तो दहाच्या आसपास जातो. उरलेला आतल्या आत आपटत राहतो आणि शेवटी उष्णता होऊन संपतो.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. पहिल्या दरवाजावर लोकांनी आयुष्यं घालवली, शंभरातले ऐंशी-नव्वद इलेक्ट्रॉन उजेड देऊ लागले, आणि त्यातला बहुतेक उजेड स्फटिकातच विझला. केवळ पृष्ठभाग गुळगुळीत होता म्हणून!

उपाय तसा उलटा आहे. आपण कुठल्याही कारागिरीत गुळगुळीतपणाला मान देतो. इथे पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करायचा होता. पण खरखरीत कागदाने घासून ते साधत नाही. खडबडीतपणाचं माप उजेडाच्या तरंगलांबीच्या आसपास हवं, म्हणजे काहीशे नॅनोमीटर. मग आत अडकलेला किरण प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात उसळतो, आणि कधीतरी त्याला खिडकी सापडते.

एली याब्लोनोविच यांनी १९८७ मध्ये फोटॉनिक स्फटिकाची कल्पना मांडली होती : नियमित अंतरावर सूक्ष्म खड्डे असलेला पदार्थ, जो उजेडाला ठरावीक वाटेनेच जाऊ देतो. त्याच वर्षी सजीव जॉन यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट दाखवली. १९९३ मध्ये याब्लोनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलईडीच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म प्लास्टिकच्या गोळ्या पसरल्या, त्यांच्या मधली जागा कोरून काढली, आणि आत टाकलेल्या शंभर इलेक्ट्रॉनमागे तीस प्रकाशकण बाहेर आणले. तेव्हाच्या साध्या एलईडीतून दोन-चार येत.

गॅलियम नायट्राइडवर हे जमायला २००४ उजाडलं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठातल्या गटाने, आणि त्यात नाकामुरा स्वतः होते, स्फटिक नीलमावरून सोडवला, उलटा केला आणि त्याची मागची बाजू दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून वर अतिनील उजेड पाडला. पृष्ठभागावर आपोआप सहा बाजूंचे बारीक सुळके उगवले, आणि उजेड दुप्पट-तिप्पट झाला. जपानमध्ये त्याआधीच नीलमाची चकती नक्षीदार करून तिच्यावर स्फटिक वाढवायला सुरुवात झाली होती. पुढे तीच रीत कारखान्यांत रुळली. २००९ मध्ये फोटॉनिक स्फटिक वापरून ७३ टक्क्यांपर्यंत उजेड बाहेर काढल्याची नोंद आहे. ४ कुठे आणि ७३ कुठे!

आणि ही युक्ती निसर्गाला आधीपासून माहीत होती. मृगाच्या तोंडावर काजवे दिसतात. एका अमेरिकी जातीच्या काजव्याच्या पोटावरचे खवले छपराच्या पत्र्यासारखे एकमेकांवर तिरके चढलेले असतात. २०१३ मध्ये बेल्जियमच्या ॲनिक बे आणि सहकाऱ्यांनी तशीच रचना एलईडीवर बसवली. उजेड ५५ टक्क्यांनी वाढला. त्या पायऱ्या काही मायक्रोमीटरच्या होत्या, नॅनोमीटरच्या नव्हत्या. म्हणजे फार बारीक कोरल्याशिवायही काही काम होतं, हाही त्यातला एक धडा.

तिसरा दरवाजा : पुणे, नागपूर, अमरावती

निळा उजेड बाहेर आला. तो पांढरा कसा करायचा? निचियाने १९९६ मध्ये निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर लावला. फॉस्फर म्हणजे एका रंगाचा उजेड गिळून दुसऱ्या रंगाचा देणारी पूड. थोडा निळा तसाच सुटतो, थोड्याचा पिवळा होतो, आणि डोळ्याला दोन्ही मिळून पांढरं दिसतं. तुमच्या मोबाइलच्या टॉर्चमध्ये जो पिवळा ठिपका दिसतो, तो हाच.

दुसरी वाट क्वांटम डॉटची. काही नॅनोमीटरचा अर्धवाहकाचा कण घेतला, तर त्याचा रंग त्याच्या आकारावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरचा असेल तर निळसर, ६ चा असेल तर लाल. पदार्थ तोच. ॲलेक्सी एकिमोव आणि लुई ब्रूस यांनी हे १९८० च्या दशकात दाखवलं. मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत १९९३ मध्ये दिली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांचं.

१९९३ हे साल तुम्ही आतापर्यंत तीनदा ऐकलंत. निळा एलईडी, खडबडीत पृष्ठभाग आणि क्वांटम डॉट, तिन्ही दरवाजांवर त्याच एका वर्षी थाप पडली. आता चौथ्यांदा ऐका. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून सुलभा कुलकर्णी, शैलजा महामुनी आणि सहकाऱ्यांचा झिंक सल्फाइडच्या क्वांटम डॉटवरचा निबंध प्रसिद्ध झाला. कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांच्याभोवती सेंद्रिय रेणूंचं आवरण घातलं होतं. म्हणजे ज्या वर्षी बावेंडींची रीत आली, त्या वर्षी पुणंही त्याच वाटेवर होतं.

पुढची कथा थोडी गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच सांगण्यासारखी. १९९४ मध्ये अमेरिकेत आर. एन. भार्गव आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की झिंक सल्फाइडच्या नॅनोकणात मँगॅनीज घातलं तर त्याचा नारिंगी उजेड कितीतरी पटींनी झपाट्याने आणि जोमाने निघतो. जगभर खळबळ उडाली. १९९५ मध्ये पुण्याच्या गटाने मँगॅनीज घातलेले नॅनोकण पाण्यातल्या साध्या रासायनिक रीतीने बनवून दाखवले, आणि तांबं घालून हिरवा उजेड देणारेही. दोन्ही निबंध अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात आले. आणि मग १९९८ मध्ये हॉलंडच्या उट्रेख्तमधल्या बोल आणि मेयरिंक यांनी मोजून दाखवलं, की मँगॅनीजचा उजेड नॅनोकणातही जुन्याच सावकाश चालीने निघतो. भार्गवांचा तो मोठा दावा टिकला नाही.

मग सगळं वाया गेलं का? तसं नाही. दावा पडला, पण त्याच्या मागे लागून कण बनवायची, त्यांना आवरण घालायची, मोजायची जी विद्या तयार झाली, ती राहिली. कुलकर्णी मॅडमनी नॅनोतंत्रज्ञानावर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातून आजही मुलं शिकतात. विज्ञानाचा इतिहास नुसत्या जिंकलेल्यांच्या यादीने लिहिला, तर हा भाग गळून पडतो.

आता आपल्या विदर्भाकडे. नागपूर विद्यापीठात एस. व्ही. मोहरील आणि संजय ढोबळे, आणि आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात एस. के. ओमनवार, यांच्या गटांनी एलईडीसाठीच्या फॉस्फरवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातली एक रीत ऐका, तुम्हाला ओळखीची वाटेल. हव्या त्या धातूंची नायट्रेटं घ्यायची, त्यात युरिया मिसळायचा. होय, आपण पऱ्हाटीला टाकतो तोच युरिया, फक्त शुद्ध केलेला. द्रावण सुमारे ५०० अंशाच्या भट्टीत ठेवायचं. ते उकळतं, फेसाळतं आणि एकदम पेट घेतं. युरिया जळण होतो, नायट्रेट त्याला प्राणवायू पुरवतं. काही मिनिटांत हलकी, पोकळ, बारीक कणांची पूड हाती येते. कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. ही ज्वलनाची रीत १९८८ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांच्या गटाने रुळवली.

विदर्भात फॉस्फरचं काम का फोफावलं, याचं एक कारण आम्हाला यातच दिसतं. ज्या विद्यापीठाकडे मोठं यंत्र घ्यायला पैसे नाहीत, त्याच्याकडेही एक भट्टी, रसायनं आणि उजेड मोजायचं उपकरण असू शकतं. लोकांनी हाताशी होतं त्यावर काम उभं केलं.

जमेची आणि खर्चाची बाजू

आता हिशोब सरळ मांडू. सरकारने २०१४ च्या सुरुवातीला एलईडी बल्ब ३१० रुपयांना घेतला होता. २०१६ मध्ये तो ३८ रुपयांपर्यंत आला. मोठी खरेदी झाली, कारखाने वाढले, हे कारण आहेच. पण त्याच्या मुळाशी हे तीन दरवाजे आहेत. एका चिपमधून जास्त उजेड निघाला, की बल्बमध्ये चिप कमी लागतात, उष्णता कमी होते, ती बाहेर काढायला धातू कमी लागतो. नॅनोरचनेचा फायदा अकोल्याच्या दुकानात असा पोहोचला.

खर्चाची बाजू अशी, की आपल्या बल्बातली चिप बहुतांशी बाहेरच्या देशातून येते. आपण बल्ब जोडतो, चिप बनवत नाही. आपल्या विद्यापीठांत निबंध झाले, पीएचड्या झाल्या, पण पूड प्रयोगशाळेतून कारखान्यात जाण्याची वाट अरुंदच राहिली. किल्ल्याची उपमा वाढवायची तर हा चौथा दरवाजा, आणि तो नॅनोमीटरने उघडत नाही. त्याला भांडवल, टिकाऊ धोरण आणि उद्योगाशी बसलेली घडी लागते.

मागे बसलेल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट. तुमचं महाविद्यालय अमरावती विद्यापीठाशी जोडलेलं आहे. ज्या विभागाबद्दल आम्ही आत्ता बोललो, तो तुमचाच. आणि काम संपलेलं नाही. निळा एलईडी छान चालतो, लालही चालतो, पण हिरवा अजून त्यांच्या मागे आहे. इंडियम वाढवलं की विहिरीतला स्फटिक बिघडतो, आणि पहिला दरवाजा पुन्हा अर्धा बंद होतो. क्वांटम डॉटमधलं कॅडमियम विषारी, त्याला पर्याय म्हणून इंडियम फॉस्फाइड वापरात आलं, पण ते करणं अधिक किचकट.

आज घरी गेल्यावर बल्ब लावाल, तेव्हा पारसची वीज त्या ३ नॅनोमीटरच्या विहिरीत पडते, खडबडीत भिंतीवरून उसळून बाहेर येते, पिवळ्या पुडीतून गाळली जाते आणि मग तुमच्या पुस्तकावर पडते. ज्यांना हिरव्याचा प्रश्न खुणावतोय, त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावं, आपण त्यावरच बोलू. बाकीच्यांचे प्रश्न आता घेऊ.